गावचा रस्ता मुंबईत बसून मार्गी कसा लावायचा

गेल्या रविवारी लालबागला गावकीच्या खोलीत आम्ही चटईवर सात-बाराचे ११ उतारे ओळीने मांडून बसलो होतो. मुख्य रस्त्यापासून आमच्या वाडीपर्यंतची १ किलोमीटर २०० मीटरची वाट या ११ गटांतून जाते आणि उताऱ्यांवर मिळून ६७ नावं आहेत. त्यातली १९ माणसं आता हयात नाहीत आणि त्यांच्या वारसांची नोंद झालेली नाही. उरलेल्यांतले गावात राहतात नऊ जण. बाकीचे इथेच, नालासोपारा, दिवा, डोंबिवली, बदलापूर. दोघं सुरतेला.

म्हणजे रस्ता हवा गावाला आणि तो अडलाय मुंबईत. म्हणूनच हे लिहितेय. कोकणातल्या वाड्यावाड्यांची मुंबई मंडळं दरवर्षी निवेदनं देतात, फोटो काढतात, गणपतीला गावी जातात तेव्हा पुन्हा त्याच चिखलातून मूर्ती डोक्यावर घेऊन चालतात. मी ३१ वर्षं एका जिल्हा परिषदेत बांधकाम विभागाच्या लेखा शाखेत काढली. आता निवृत्त होऊन भांडुपला मुलाकडे असते. अशी निवेदनं कुठल्या कपाटात जातात आणि कुठल्या फाइली पुढे सरकतात, हे मी टेबलाच्या त्या बाजूने पाहिलंय. ते तुम्हाला उपयोगी पडावं एवढीच इच्छा.

सगळ्यात आधी रस्ता कोणाचा ते शोधा. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग अशी उतरंड आहे. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभाग सांभाळतो, म्हणजे आपण ज्याला सा.बां. म्हणतो तो. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. गावठाणातल्या आणि वाडीतल्या आतल्या वाटा ग्रामपंचायतीकडे. आमच्या मंडळाने तीन वर्षं सा.बां.कडे अर्ज केले आणि तिथून एकच उत्तर आलं, ‘सदर रस्ता या विभागाच्या अखत्यारीत येत नाही.’ उत्तर बरोबर होतं, पत्ता आपला चुकला होता. त्या तीन वर्षांत माझ्या सासूबाईंना ताप चढला म्हणून प्लास्टिकच्या खुर्चीला बांबू बांधून चौघांनी मुख्य रस्त्यापर्यंत आणलं. पावसात. खुर्चीचा एक पाय वाटेत मोडला. म्हणून सांगते, पहिला अर्ज लिहिण्याआधी एक दिवस यात घालवा.

शोधायचं कसं? तालुक्याच्या ठिकाणी जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागाचं कार्यालय असतं, बहुतेक ठिकाणी पंचायत समितीच्या आवारातच. तिथे जाऊन शाखा अभियंत्यांना एवढंच विचारा, ‘साहेब, आमच्या रस्त्याला ग्रामीण मार्ग क्रमांक आहे का?’ क्रमांक असेल तर तो रस्ता रस्ते विकास योजनेत आहे. मागची योजना २००१ ते २०२१ अशी होती, त्यामुळे कागदांवर अजून तेच साल दिसेल. क्रमांक नसेल तर तो योजनेबाहेरचा रस्ता. मग दुरुस्तीच्या नेहमीच्या अनुदानातून त्याला पैसे मिळत नाहीत. आधी दर्जोन्नती, म्हणजे रस्ता योजनेत वरच्या वर्गात घेणं, किंवा ग्रामपंचायतीच्या मार्गाने जायचं.

आता २३ नंबर. यावर मी जरा थांबणार आहे, कारण दहातल्या सहा वाड्यांचं घोडं इथेच अडतं.

ग्रामपंचायतीत हिशेबाचे १ ते ३३ नमुने असतात. आपल्याला ८ नंबर माहीत असतो, कारण त्यावर घरपट्टी लागते. २३ नंबर म्हणजे ग्रामपंचायतीच्या ताब्यातल्या रस्त्यांची नोंदवही. त्यात रस्त्याचं नाव, कुठून कुठे, लांबी आणि रुंदी लिहिलेली असते. तुमची वाट शंभर वर्षं वापरात असेल, तिच्यावरून तुमच्या आजीची वरात आली असेल, पण २३ नंबरला नोंद नसेल तर सरकारच्या लेखी ती कोणाच्या तरी खाजगी जमिनीतली पायवाट आहे. खाजगी जमिनीवर सरकारी पैसा खर्च केला तर लेखापरीक्षणात आक्षेप लागतो आणि वसुली अधिकाऱ्याच्या पगारातून होऊ शकते. म्हणून कोणीही अधिकारी, कितीही चांगल्या मनाचा असला, तरी त्या फाइलवर सही करत नाही. मी त्याच्या जागी असते तर मीही केली नसती.

नोंद लावायला जमीनमालकांची संमतीपत्रं किंवा बक्षीसपत्र लागतं. ग्रामसेवकांना (२०२४ पासून पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात) विचारून त्यांच्याकडचा मसुदा आणि स्टॅम्पपेपर किती रुपयांचा ते आधी घ्या. मुंबईतून आपल्या मनाने टाइप करून नेलेले कागद परत येतात. सात-बारा महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर फुकट बघता येतो, डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांना मिळतो. मयत खातेदारांच्या वारस नोंदीसाठी ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवरून अर्ज करता येतो, त्यासाठी गावी खेपा घालायची गरज नाही. हे काम पहिल्या दिवशी सुरू करा, कारण याला वेळ लागतो.

सह्या गोळा करायला मात्र फोन पुरत नाही, दारात जावं लागतं. नालासोपाऱ्याला आमचे एक चुलत सासरे आहेत, वय ७८, गिरणीत साचेवाले होते. दोनदा गेलो, दोनदा म्हणाले, ‘सही केली की जमीन गेली.’ तिसऱ्यांदा मी गटाचा नकाशा घेऊन गेले आणि रस्त्याची पट्टी पेन्सिलने आखून दाखवली. त्यांच्या गटातून ती ६० मीटर लांब आणि ४ मीटर रुंद जाते, तीही कडेच्या गडग्याला, म्हणजे दगड रचून घातलेल्या कुंपणाला लागून. बराच वेळ ते नकाशावर बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, ‘आणि गडगा कोण बांधणार, सूनबाई? तो माझ्या बापाने एकेक जांभा रचून घातलाय.’

त्यांना जमिनीचं नव्हतं, गडग्याचं होतं. मंडळाने त्याच दगडांनी गडगा पुन्हा रचून द्यायचा, असं आम्ही मंडळाच्या लेटरहेडवर लिहून अध्यक्षांच्या सहीने दिलं. त्यांनी सही केली, आणि त्यांचं बघून आणखी सात जणांनी केली. तेव्हा संमतीपत्रात गट नंबर, लांबी, रुंदी आणि ‘केवळ सार्वजनिक रस्त्यासाठी’ हे शब्द स्पष्ट घाला आणि प्रत्येकाला विचारा की तुमचं झाड कुठलं, गडगा कुठला, पाण्याचा पाट कुठला. हरकत नेहमी अशाच एखाद्या वस्तूपाशी असते.

सह्या झाल्या की ग्रामपंचायतीच्या सभेत ठराव, मग २३ नंबरला नोंद, आणि नोंदीचा उतारा हातात. उताऱ्याच्या दहा झेरॉक्स काढून ठेवा.

पैशाकडे येऊ. सरकारी पैसा लेखाशीर्षात, म्हणजे खर्चाच्या ठरावीक खात्यात राहतो. प्रत्येक शीर्षाला चार आकडी नंबर असतो आणि पहिल्या आकड्यावरून बरंच कळतं. २ किंवा ३ ने सुरू झालं तर महसुली खर्च, म्हणजे देखभाल, पगार, चालू खर्च. ४ किंवा ५ ने सुरू झालं तर भांडवली, म्हणजे नवीन काम. रस्त्यांच्या बाबतीत ३०५४ आणि ५०५४ हे दोन आकडे पाठ करा. खड्डे बुजवणं, खचलेली साईडपट्टी, सीलकोट हे ३०५४ मध्ये. नवीन रस्ता किंवा पूल ५०५४ मध्ये. आमदारांनी सुचवलेली गावातली कामं बऱ्याचदा २५१५ मधून येतात. ३०५४ आणि ५०५४ चा जिल्ह्याच्या वाट्याचा पैसा जिल्हा नियोजन समितीतून येतो, तिचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. म्हणून अर्जात ‘रस्ता करून मिळावा’ असं मोघम लिहू नका. खड्डे भरायचे असताना ‘नवीन रस्ता’ लिहिलंत तर तुमचा कागद ५०५४ च्या गठ्ठ्यात जातो आणि तिथली रांग फार लांब असते.

ग्रामपंचायतीला १५ व्या वित्त आयोगाचे पैसे मिळायचे ते दोन भागांत, ६० टक्के बंधित आणि ४० टक्के अबंधित. बंधित फक्त पाणी आणि स्वच्छतेला. रस्त्याला हात घालायचा तर अबंधितातून. त्या आयोगाचा कालावधी २०२५-२६ ला संपला, पुढच्या निधीच्या अटी ग्रामसेवकांकडून समजून घ्या, पण ‘हा पैसा कशाला चालतो’ हा प्रश्न तोच राहणार. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातूनही १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी बाजूला काढावे लागतात. उरलं त्यात दिवाबत्ती, पाणीपुरवठ्याचं वीजबिल आणि शिपायाचा पगार. लहान ग्रामपंचायतीच्या हातात रस्त्यासाठी किती उरत असेल याचा अंदाज येईल. आणि इथे मला मुंबईकरांना एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. बंद घराची घरपट्टी थकवू नका. आमच्या वाडीतल्या २८ घरांपैकी १७ ची थकली होती, सगळी मुंबईवाल्यांची. आधी ती भरली आणि मगच सरपंचांसमोर बसलो. बोलण्याचा सूरच बदलला.

आता कार्यालयाच्या खर्चाबद्दल, कारण याबाबत लोकांचे गैरसमज फार. कार्यालयाच्या किरकोळ खर्चाला आम्ही सादिल म्हणतो. कागद, टोनर, टपाल हे सगळं त्यातून. ते अनुदान हप्त्याहप्त्याने येतं आणि जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत संपत आलेलं असतं. गाडीच्या इंधनाचंही तसंच. मी स्वतः पाहिलंय, रस्त्याचे लाखो रुपये ३०५४ ला पडून आहेत आणि जागेची पाहणी करायला जीपमध्ये डिझेल नाही. एका शीर्षातला पैसा दुसऱ्यात आपल्या मनाने वळवता येत नाही, त्याला पुनर्विनियोजनाची मंजुरी लागते. त्यामुळे ‘साहेब येत नाहीत’ याचं कारण दरवेळी आळस नसतं. यावर उपाय असा की शेजारच्या तीन-चार वाड्यांच्या मंडळांनी मिळून एकच दिवस मागायचा, म्हणजे एका फेरीत चार रस्ते मोजून होतात. अर्जाचे तीन संच स्वतः करून न्यायचे. पण कार्यालयाच्या गाडीचं डिझेल मंडळाने भरू नये, टोनर विकत आणून देऊ नये. आज प्रेमाने दिलेलं उद्या पुढच्या गरीब वाडीकडे हक्काने मागितलं जातं. मी लेखा शाखेत होते म्हणून हे जास्त लागतं मला.

वेळ चुकवू नका. ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हायला हव्यात. साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास असतात. पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्यात नाव घालायचं असेल तर १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सभा महत्त्वाच्या. सभा भरायला लागणारी गणसंख्या मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली कमी असेल ती. ग्रामसभेचे सदस्य म्हणजे गावच्या यादीतले मतदार. तुमचं मत मुंबईत असेल तर तिथे तुम्हाला मत नाही, म्हणून वाडीतल्या बायाबापड्यांना तयार करा. आमच्या वाडीतर्फे माझी जाऊ उठली. हातात कागद होता, पण तो न वाचता म्हणाली, ‘माझी सून नववा महिना लागल्यापासून माहेरी जाऊन राहिली, कारण इथून गाडी जात नाही.’ ठराव एकमताने झाला. ठरावाचा क्रमांक आणि तारीख तिथल्या तिथे लिहून घ्या, प्रत नंतर मिळते.

जिल्हा परिषदेचा अर्थसंकल्प मार्चमध्ये ठरतो, पण कामांच्या याद्या त्याआधीच तयार होत असतात. नोव्हेंबर-डिसेंबरला अर्ज टेबलावर हवा. फेब्रुवारीला पोचलेला अर्ज पुढच्या वर्षाचा समजा. जिल्हा नियोजनातून जिल्हा परिषदेला आलेला पैसा खर्च करायला त्याच्या पुढचं आर्थिक वर्षही मिळतं, त्यामुळे ३१ मार्चला ‘निधी परत गेला’ असं कोणी सांगितलं तर कोणत्या शीर्षाचा आणि कोणत्या वर्षाचा, हे नम्रपणे विचारा.

अर्ज एका पानाचा असावा. सह्या आणि नोंद पूर्ण झाल्यावर द्यायचा आमचा मसुदा असा आहे:

‘विषय: ग्रामीण मार्ग क्रमांक … ते …वाडी रस्ता, किमी ०/०० ते १/२००, खडीकरण व डांबरीकरण करणे, तसेच किमी ०/४५० येथे मोरी बांधणे. सदर रस्ता ग्रामपंचायत नमुना २३ ला नोंद आहे. रुंदी ४ मीटर. वाडीत २८ घरे, अंगणवाडीत जाणारी ९ मुले. यापूर्वी या लांबीत कोणत्याही योजनेतून काम झालेले नाही. सोबत: ग्रामसभेचा ठराव, नमुना २३ चा उतारा, जागा ताब्यात असल्याचा दाखला, काम दुबार नसल्याचा दाखला, हाताने काढलेला नकाशा.’

मोरी म्हणजे रस्त्याखालून पाणी काढून देणारा नळा. किमीचे ते आकडे टाकायला विसरू नका. मुंबईहून गेलेली मुलं मोबाइलवर अंतर मोजू शकतात, आम्ही ३० मीटरची टेप घेऊन मोजलं. आकडे दिसले की अभियंता समजतो, ही माणसं जागेवर फिरलीत. आवक-जावक बारनिशीत, म्हणजे टपालाच्या नोंदवहीत नोंद करून आवक क्रमांकाचा शिक्का आपल्या प्रतीवर घ्या. शिक्का नाही म्हणजे अर्ज दिलाच नाही.

पुढचा प्रवास क्रमाने असतो. अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. ‘मंजूर झाला’ असं कोणी म्हटलं की यातलं कुठलं झालं ते विचारा. बॅनर बहुतेक वेळा प्रशासकीय मान्यतेला लागतो. खडी पडते कार्यारंभ आदेशानंतर.

काम सुरू झालं की गावात कोणीतरी एक माणूस रोज हजर हवा, अंदाजपत्रकाची प्रत घेऊन. खडीचा थर दबाई झाल्यावर ७५ मिलिमीटर लिहिला असेल तर पट्टी खुपसून बघता येतो. वरचं कार्पेट साधारण २० मिलिमीटरचं असतं. रस्त्याचा मध्य कडांपेक्षा उंच हवा, ३ मीटर रुंदीला चार सेंटिमीटरच्या आसपास. दोरी ताणली की दिसतं. आमच्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यात सपाट रस्ता टिकत नाही. चूक दिसली तर कंत्राटदाराशी भांडू नका, शाखा अभियंत्यांना फोटो आणि किमीचा आकडा पाठवा. बिल मोजमाप पुस्तिकेवरून निघतं आणि ती पुस्तिका ते लिहितात. प्रधानमंत्री आणि मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेतल्या रस्त्यांना पाच वर्षं देखभाल कंत्राटदाराकडेच असते, तारखा फलकावर असतात. तो फलक मोबाइलमध्ये टिपून ठेवा, दोन पावसाळ्यांत गंजतो.

उत्तरच येत नसेल तर माहिती अधिकार आहे, २००५ चा कायदा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक विषय, १५० शब्दांच्या आत, ३० दिवसांत उत्तर. ‘काम का झालं नाही’ असं विचारू नका, त्याचं उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. ‘आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत द्यावी’ असं लिहा. टिपणीत कोणाच्या टेबलावर किती दिवस ते सगळं असतं.

आणि रस्ता झाल्यावरचं काम आपलं. डांबराला मारतं ते पाणी. मे महिन्यात सुट्टीला गेलात की एक सकाळ द्या. एका मोरीत गेल्या वर्षी आम्ही हात घातला तेव्हा निघालं ते हे: फणसाचा पाला, दोन नारळाच्या झावळ्या, बिस्किटांचे पुडे, एक फाटकी ताडपत्री आणि या सगळ्याला धरून बसलेली तांबडी माती, विटेसारखी घट्ट. पहार, फावडं, चार घमेली आणि सहा माणसं. दोन तासांत नळा मोकळा झाला. गटाराचा उतार मोरीकडे हवा, रस्त्याकडे नाही. साईडपट्टीवरचं गवत कोयत्याने कापा, उपटू नका, मुळं माती धरतात. वरच्या डोंगरात पऱ्ह्या (पावसाळी ओहोळ) कुठून येतो ते वाडीतल्या म्हाताऱ्यांना विचारा, अभियंता कोरड्या दिवसांत येतो, त्याला ते दिसत नाही.

आमच्या ६७ पैकी वारसांसकट ५८ खात्यांच्या सह्या झाल्यात. नऊ बाकी. येत्या रविवारी सकाळी ८ वाजता आम्ही तिघी दादरहून अंबरनाथची गाडी पकडतोय. तिथे एका घरी चार भाऊ एकत्र येणार आहेत, गणपतीनंतर पहिल्यांदाच. नकाशा, शाईचं पॅड आणि गडग्याचं पत्र पिशवीत भरून ठेवलंय.